गरोदर बाईचं ताट आणि आपली अस्मिता

"आपल्यात ॲनिमिया कुठून येणार? आपण गोश्त खाणारी माणसं!" हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, व्हॉट्सॲपवर वाचलंय, आणि एका शिकलेल्या, चांगल्या नोकरीतल्या तरुणाच्या तोंडून तर अगदी छाती पुढे काढून ऐकलंय. त्याच्या बायकोला तेव्हा सहावा महिना चालू होता. तिचं हिमोग्लोबिन किती आहे, असं मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. "फाइल अम्मीकडे असते," म्हणाला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना ॲनिमिया असल्याचं दिसलं. महाराष्ट्राचा आकडा ४५.७ टक्के. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात. धर्माप्रमाणे पाहिलं तरी या देशातल्या मुस्लिम बायकांचं चित्र काही वेगळं नाही. निम्म्याच्या आसपास बायका त्यात आहेतच. बाळंतपणात रक्त जातंच. ज्या बाईकडे मुळातच ते कमी आहे, तिच्याजवळ शिल्लक अशी काही नसते. बाळ वेळेआधी होणं, कमी वजनाचं होणं, हेही त्याच मागोमाग येतं. म्हणून तो "आपण गोश्त खाणारी माणसं" हा दिलासा मला नुसता चुकीचा वाटत नाही, धोक्याचा वाटतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे कुणी "सगळं नीट चाललंय" असं म्हटलं की आधी आकडे मागायची पद्धत आहे. तर आकडे घेऊ. पूर्ण गरोदरपणात बाईला साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं काही बाळ आणि वारेसाठी, बरंचसं तिचं स्वतःचं वाढतं रक्त तयार करायला. शेवटच्या महिन्यांत रोज पाच-सहा मिलिग्रॅम लोह तिच्या रक्तात पोचावं लागतं. पोटात गेलेलं सगळं रक्तात पोचत नाही, हे लक्षात ठेवून पुढे वाचा. आता आपल्या घरचा रविवार घ्या. सहा माणसं, अर्धा किलो मटण. हाडं वजा जाता साडेतीनशे ग्रॅम. समसमान वाटलं तर माणशी साठ ग्रॅमसुद्धा येत नाही. १०० ग्रॅम मटणात लोह असतं दोन-तीन मिलिग्रॅम, म्हणजे तिच्या वाट्याला आलं साधारण दीड. मांसातलं लोह शरीर चांगलं शोषून घेतं हे खरं, पण "चांगलं" म्हणजे साधारण पाव हिस्सा. हातात राहिलं जेमतेम ०.४ मिलिग्रॅम. आठवड्याची गरज पस्तीस-चाळीस मिलिग्रॅम. आपल्या अभिमानाचा हिशेब आला एक टक्का!

चिकनचं तर बोलायलाच नको. त्यात लोह मटणाच्या जेमतेम निम्मं, आणि आपल्या पिढीचं "नॉनव्हेज" म्हणजे बहुतेक वेळा ब्रॉयलर चिकनची बिर्याणीच असते.

शिवाय वरच्या हिशेबात मी "समसमान" धरलंय. आपल्या घरांत वाटप कसं होतं ते आपल्याला माहीत आहे. आधी पुरुष आणि पाहुणे बसतात, मग मुलं, मग सासू-नणंदा, आणि शेवटी जिने सकाळपासून चुलीसमोर उभं राहून ते सगळं रांधलं ती. नळी जावयाला, बोटी मुलांना, आणि भगोण्याच्या तळाशी रस्सा नि दोन बटाटे तिला. कुणी मुद्दाम करत नाही. तीही "मला रस्साच आवडतो" म्हणते. मी माझ्या नानीला आयुष्यभर असं म्हणताना ऐकलं आणि नंतर तिच्या आजारपणात, एकटीसाठी ताट वाढल्यावर, ती बोट्या किती चवीनं खाते तेही पाहिलं.

त्याच नानीच्या स्वयंपाकात मात्र एक शहाणपण होतं. पाव किलो मटणात ती आठ माणसांचं जेवण काढायची. अंबाड्याची भाजी घालून गोश्त, मेथी घालून खिमा, पालक-गोश्त, आणि तूरडाळ, दुधी, चिंच घातलेला दालचा. गरिबीतून आलेली ही युक्ती पोषणाच्या दृष्टीनं फार पुढची आहे. डाळीतलं, पालेभाजीतलं लोह शरीर एरवी फार कमी घेतं. त्याच घासात थोडं मांस असलं तर ते जास्त शोषलं जातं. लिंबू, आवळा, पेरू यांच्यातल्या क जीवनसत्त्वानंही तसंच होतं. म्हणजे मांसाचा खरा उपयोग भाजीबरोबर आहे. आणि आपण काय केलं? हातात थोडा पैसा आल्यावर भाजी काढून टाकली आणि नुसतं चिकन सिक्स्टी-फाइव्ह ठेवलं. वर जेवण संपायच्या आत चहा! चहातल्या द्रव्यांमुळे जेवणातल्या डाळी-भाजीच्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येतं. गरोदर बाईचा चहा बंद करा असं मी म्हणत नाही, मलाही तो लागतो. जेवण आणि चहा यांच्यात तासा-दोन तासांचं अंतर ठेवा एवढंच.

आता माझं सांगते. मी मूळची इचलकरंजीची, नोकरीमुळे पुण्यात. तीन वर्षांपूर्वी मला दिवस राहिले, तेव्हा पहिल्याच तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ निघालं. घरात सल्ला एकच: मटण खा, पाया पी, कलेजी खा. आणि माझी अवस्था अशी की कुकरची शिट्टी झाली आणि मटणाचा वास आला की मी बाथरूमकडे धावायचे. सातव्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंत मला गोश्त समोर नको होतं. दहीभात, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी, एवढंच आत राहायचं. सासूबाईंना वाईट वाटलं. त्यांनी पहाटे उठून पायाचं सूप करून ठेवलेलं असायचं. एका नातेवाईक बाईंनी तर विचारलं, "पुण्यात राहून बामणीण झालीस काय गं?" हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. मला ते लागलं. माझ्या ओकारीतही त्यांना धर्म दिसत होता.

यात नवल काहीच नव्हतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या सॅम्युएल फ्लॅक्समन आणि पॉल शर्मन या दोघांनी २००० साली गरोदरपणातल्या मळमळीवर जगभरातली माहिती गोळा करून एक मोठा लेख लिहिला. पहिल्या तीन महिन्यांत बायकांना ज्या पदार्थांची शिसारी येते त्यांत मांस, मासे, अंडी अगदी वर आहेत. त्यांचा अंदाज असा की त्या दिवसांत बाळाला सामावून घेण्यासाठी आईची प्रतिकारशक्ती थोडी नमतं घेते, आणि फ्रीज नसलेल्या काळात मांसातून रोग येण्याची भीती सगळ्यांत जास्त होती. म्हणून शरीरच त्यापासून लांब पळतं. हा अंदाज अखेरचा शब्द नाही, पण शिसारी खरी आहे, ती फार बायकांना येते आणि बहुतेकींची चौथ्या महिन्यापर्यंत जाते. तोवर तिला जे आत ठेवता येतं ते खाऊ द्यावं. गोश्तावाचून दोन महिने कुणाचं बाळ उपाशी राहत नाही.

त्याच दिवसांत ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवरची मुलगीही गरोदर होती. कट्टर शाकाहारी घरातली. तिचं ब-१२ जीवनसत्त्व १४० निघालं. २०० च्या खाली कमतरता धरतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चालत असेल तर अंडी खा म्हणाले. तिला चालत होतं. किंबहुना तिला अंड्याचे डोहाळेच लागले होते. घरी मात्र शक्य नव्हतं. ऑफिसच्या कॅन्टीनमधला अंड्याचा काउंटर कुणाच्या तरी तक्रारीवरून सहा महिन्यांपूर्वीच बंद झालेला. मग माझ्या डब्यातली उकडलेली अंडी ती खायची आणि तिच्या डब्यातली मुगाची उसळ मी. माझ्या घरी वाटायचं मी अंडी खाते, तिच्या घरी वाटायचं ती उसळ खाते. दोघी शिकलेल्या, कमावत्या, तिशीतल्या, आणि आपल्याच पोटात काय जातं ते लपवत होतो.

मला जे म्हणायचंय ते इथंच आहे. गरोदर बाईच्या ताटावर दोन बाजूंनी झेंडे लावले जातात. एका बाजूला शुद्ध शाकाहाराचा, दुसऱ्या बाजूला आपल्या गोश्ताचा. ताट तिचं आहे हे दोघंही विसरतात.

दोन्ही झेंडे सारख्या ताकदीचे आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. एकामागे सत्ता आहे. २०१७ साली केंद्राच्या आयुष मंत्रालयाच्या एका पुस्तिकेत गरोदर बायकांनी काय टाळावं याच्या यादीत चहा, कॉफी, मैदा यांच्याबरोबर अंडी आणि मांसही घातलेलं होतं. टीका झाल्यावर हा नुसता सल्ला आहे, सक्ती नाही, असं सांगण्यात आलं. ज्या देशात निम्म्या गरोदर बायकांचं रक्त कमी आहे, तिथं सरकारी पुस्तिकेनं दिलेला हा सल्ला! त्यातली गंमत अशी की ज्या आयुर्वेदाचं नाव घेऊन हे चालतं, त्यातल्या सुश्रुतसंहितेत गर्भवतीला दोन हृदयांची, दौहृदिनी म्हटलंय. आपला डोहाळे हा शब्द तिथूनच आलाय असं मानतात. तिची इच्छा मोडू नये असं तिथं बजावलंय, आणि डोहाळ्यांच्या यादीत घोरपड, म्हैस, रानडुक्कर, हरीण यांचं मांसही आहे.

पुण्यात, मुंबईत भाड्याचं घर शोधणाऱ्या प्रत्येक मुस्लिम जोडप्याला "नॉनव्हेज खाता का?" हा प्रश्न माहीत आहे. त्याचा खरा अर्थ काय तोही माहीत आहे. अशा सोसायटीत घर मिळालंच तर खिडक्या लावून खिमा शिजवायचा. त्यात किमतीची भर. मटण किलोला सातशेच्या वर गेलंय. गरिबाचं मांस होतं मोठ्याचं. गाईची कत्तल राज्यात आधीपासूनच बंद होती. १९९५ साली विधिमंडळानं मंजूर केलेल्या दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल, वळूही बंदीत आले. म्हशीचं मांस आजही कायदेशीर आहे, पण विकणारा घाबरतो, आणणारा घाबरतो, आणि पिशवीत नेमकं काय आहे हे रस्त्यात अडवणाऱ्याला पटवायची हिंमत प्रत्येकात नसते. त्या भीतीची किंमत शेवटी कुणाच्या ताटातून वसूल होते ते वर सांगितलंच आहे.

तर लढाई आहे आणि ती लढायला हवी. पण बाहेर "आमच्या ताटात डोकावू नका" असं सांगणाऱ्यांनी घरातल्या सुनेच्या ताटात डोकावणं थांबवलं नाही, तर आपल्या म्हणण्यात जोर राहत नाही.

मांसाहाराची बाजू घ्यायची तर ती भक्कम पुराव्यावर घेता येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या शेकडो गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. आपल्याच मातीतलं इतकं मोलाचं काम, पण आपल्यात फारसं कुणाला माहीत नाही. त्यात दोनतृतीयांश बायकांमध्ये ब-१२ कमी आढळलं. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या मांस, मासे, अंडी, दूध अशा प्राणिज अन्नातूनच मिळतं. ज्या आयांमध्ये ब-१२ कमी आणि फॉलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणं अधिक दिसली. म्हणजे "अंड्यानं काय होतंय?" या प्रश्नाला उत्तर आहे. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली: ज्या बायका पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर घेत होत्या त्यांची बाळं अधिक वजनाची होती. हे वाचल्यावर मला शाकाहारी-मांसाहारी हा वादच पोरकट वाटायला लागला. तिकडे अंडं नाही, इकडे मेथी नाही.

डोहाळ्यांचं आपल्याकडे दुसरंच काही होतं. सातव्या महिन्यात सातवासा करतात, नवी साडी, हार, गोडधोड. आणि तिला काय खावंसं वाटतं यावरून आत काय आहे याचा अंदाज बांधतात. गोड मागितलं तर मुलगी, तिखट नि मटण मागितलं तर मुलगा. याला काडीचा आधार नाही. पण या खेळानं एक नुकसान होतं: तिची इच्छा तिची राहत नाही, ती आतल्या पाहुण्याची बातमी होते. मग "मटण खावंसं वाटतंय" म्हणणाऱ्या मुलीला वाटीभर जास्त वाढतात आणि "आइस्क्रीम हवंय" म्हणणारीकडे बघून सासू सुस्कारा टाकते.

शरीराला जे कमी आहे तेच ते मागतं, असंही लोक म्हणतात. बहुतेक डोहाळ्यांबाबत ते खरं ठरत नाही. चिंच मागणाऱ्या बाईला क जीवनसत्त्व कमी असतं असं काही दिसलेलं नाही. मात्र एका डोहाळ्याकडे दुर्लक्ष करू नका. पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजलेली माती, राख, कच्चे तांदूळ किंवा सारखा बर्फ खावासा वाटत असेल, तर लोहाच्या कमतरतेशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. आपल्याकडे मुली हे लाजेनं लपवतात. माझी एक चुलत बहीण उशीखाली पेन्सिलींचा पुडा ठेवायची. घरातले तिला चिडवायचे, ओरडायचे. रक्त तपासलं तेव्हा ७.८. अशी मुलगी दिसली तर ओरडू नका, तपासणीला न्या. त्या मातीतून जंत आणि शिसं पोटात जाण्याचं भय आहे ते वेगळंच.

थोडं आपल्या घरगुती वैद्यकीविषयी, कारण आपल्या स्वयंपाकघराचे जाणकार आपणच आहोत. "कलेजी खा, रक्त वाढतं" हे अर्धं खरं आहे. कलेजीत लोह, ब-१२, फॉलेट भरपूर आहे. पण तिच्यात अ जीवनसत्त्वही प्रचंड आहे. गरोदर बाईनं तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व दिवसाला ३००० मायक्रोग्रॅमच्या वर घेऊ नये असं मानतात, आणि शेळी-मेंढीच्या १०० ग्रॅम कलेजीत ते याच्या दुपटीच्या पुढे असू शकतं. पहिल्या तिमाहीत बाळाचे अवयव घडत असताना ते जास्त झालं तर व्यंगाचा धोका असतो. ब्रिटनमध्ये तर गरोदर बायकांना कलेजी पूर्ण टाळायला सांगतात. तेव्हा दिवस राहिल्याची बातमी कळताच रोज सकाळी कलेजीची वाटी पुढे करणाऱ्या खालांना हे प्रेमानं सांगा. पायाच्या सूपचंही तसंच. चव उत्तम, अंगाला ऊब, पण लोह त्यात नावालाच.

दुसरं, कच्चट मांस. आत गुलाबी राहिलेला कबाब, निखाऱ्यावर वरवर भाजलेली बोटी यांतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी जाऊ शकतो आणि तो बाळापर्यंत पोचू शकतो. (पपईची फोड दिसली की किंचाळणारी आपली घरं सीखकबाबच्या मसाल्यात कच्ची पपईच वाटून घालतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.) हाच धोका कच्चं मांस हाताळतानाही आहे. बकरी ईदच्या दिवशी घरातली गरोदर सून दुपारपर्यंत गोश्ताचे वाटे करत, वजडी धूत बसलेली मी दरवर्षी पाहते. तिला वासानं मळमळतंय, पाठ दुखतेय, हात तोंडाला लागतोय. त्या दिवशी हे काम घरातल्या पुरुषांनी करावं. कुर्बानी त्यांचीच असते, धुवायला हातही त्यांना दोन आहेत.

कोकणातल्या वाचकांना आणखी एक: तारली, बांगडा, मांदेली हे छोटे मासे गरोदरपणात फार चांगले. मोरी आणि मोठी सुरमई मात्र या नऊ महिन्यांत बाजूला ठेवावी, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.

गोळ्यांना पर्याय नाही, हे मात्र गोश्त खाणारीनं आणि न खाणारीनं दोघींनी मान्य करायला हवं. वरचा एक टक्क्याचा हिशेब आठवा. ॲनिमियामुक्त भारत या कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस, रोज एक, असा नियम आहे. फुकट मिळते. माझं ९.४ चं १०.९ झालं ते डॉक्टरांनी वाढवून दिलेल्या गोळ्यांनी. चौदाव्या आठवड्यानंतर मी गोश्तही खाल्लं, पण त्याचं श्रेय मी त्याला देणार नाही. गोळीनं शौचाला काळं होतं, बद्धकोष्ठता होते, तोंडाला लोखंडाची चव येते, म्हणून फार बायका ती मोरीत टाकतात आणि "घेतली" म्हणून सांगतात. काळं होणं निरुपद्रवी आहे. त्रास होत असेल तर वेळ बदलून, दुसरी गोळी मागून मार्ग निघतो, पण त्यासाठी तिनं कुणाला तरी ते सांगावं आणि ऐकणाऱ्यानं "नखरे करू नको" म्हणू नये. आणि रमजान आला तर: गरोदर बाईला रोजा न ठेवण्याची सवलत आहे, सगळे उलेमा ती मान्य करतात. तरी "आमच्या वेळी आम्ही सगळे रोजे केले" असं सुनावणारी एक तरी बाई प्रत्येक घरात निघतेच. तिच्यासमोर नवऱ्यानं तोंड उघडावं.

या अंकाचे बरेच वाचक अजून अविवाहित असतील आणि हे आपल्यासाठी नाही असं त्यांना वाटेल. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. बायकांना पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला समोशासारखा खाऊ रोज दिला गेला, आणि तोही दिवस राहायच्या आधीपासून. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. पण ज्यांनी गरोदर राहण्याआधी किमान तीन महिने तो खाल्ला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली. गरोदरपणातला मधुमेहही खाऊ घेणाऱ्या बायकांत कमी आढळला. याचा अर्थ सातवाशाच्या दिवशी ताट सजवून उपयोग कमी. एकोणीस-वीस वर्षांची जी मुलगी आज कॉलेजात वडापाव खाऊन दिवस काढते आणि घरी भावाच्या नंतर जेवते, तिचं ताट बघायला हवं. लग्नाआधी जहेज, मेहर, हॉल, बिर्याणीच्या देगा यांच्यावर चार-चार बैठका होतात. तीनशे-चारशे रुपयांत होणारी रक्ताची तपासणी कुणाला सुचत नाही.

आणि मागायचंच तर काय मागायचं? याच राज्यात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचं गरम, पूर्ण जेवण मिळतं. भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, आणि अंडं किंवा ज्यांना अंडं नको त्यांना केळी. अंमलबजावणीत त्रुटी असतील, पण कल्पना बघा. अंडं खाणारीवर कुणाचा आक्षेप नाही, न खाणारीवर सक्ती नाही. मालेगाव, भिवंडी, गोवंडी, कोंढवा इथल्या गरोदर बायकांना अंगणवाडीतून शिधा मिळतो, हे जेवण मिळत नाही. ते शहरी वस्त्यांनाही मिळावं, त्या अंड्या-केळ्यासकट, ही मागणी घेऊन आपण नगरसेवकाकडे, आमदाराकडे जाऊ शकतो. ती मागणी एकट्या मुस्लिमांची राहणार नाही. माझ्या शेजारच्या डेस्कवरची ती मुलगी सहीसाठी सगळ्यांत आधी येईल. फक्त तिच्या घरी कळवू नका.